बांबूचा जुना फिशिंग रॉड सापडलाय : ओळख, किंमत आणि दुरुस्तीबद्दल मदत हवी (नागपूर)

वाडा_आणि_वाटणी
नमस्कार मंडळी. महाल भागातला आमचा वाडा बिल्डरकडे जातोय, म्हणून माळा रिकामा करणं सुरू आहे. पितळी हंडे, मोडका पाळणा, चार पोती जुने हिशेब आणि त्याखाली एका कापडी पिशवीत बांबूच्या चार काठ्या निघाल्या. टोकांना धातूच्या नळ्या आहेत, एकीला कॉर्कची मूठ आहे. तीन काठ्या एकमेकींत बसतात आणि जोडून नऊ फुटांचा रॉड होतो, चौथी बहुतेक जादा असावी. काठ्या गोल नाहीत, षटकोनी आहेत.

आजोबा वनखात्यात होते, गडचिरोलीत आलापल्लीकडे बरीच वर्षं. कुण्या इंग्रज साहेबानं जाताना त्यांना हा रॉड दिला, असं घरात सांगतात. चुलतभावानं मोबाईलवर बघून 'असा रॉड सव्वा लाखाला आहे' असं जाहीर केलंय, तेव्हापासून वाटणीच्या यादीत एक ओळ वाढली. हा नक्की काय प्रकार आहे, किंमत किती धरायची आणि दुरुस्त होईल का? आमचा सुतार म्हणतो, काचपेपर मारून मेलामाईनचा हात देतो, नव्यासारखा दिसेल. उद्या सकाळी येणार आहे.

गळकरी
सुताराला आत्ताच फोन करून थांबवा. बाकी सगळं सावकाश.

ही अखंड बांबूची काठी नव्हे. बांबूच्या सहा तिकोनी कामट्या तासून, एकमेकींना चिकटवून केलेला रॉड आहे, म्हणून षटकोनी. बांबूचं बळ सालीलगतच्या दाट तंतूंत असतं, आत जावं तसे तंतू विरळ होतात. म्हणून कारागीर सगळी तासणी आतल्या दोन बाजूंनी करतो आणि सालीकडची बाजू जवळपास जशीच्या तशी ठेवतो. सुतार नेमका तिथंच काचपेपर मारणार. शेंड्याला काठीची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर असते, त्यातले दोन-चार केसांएवढे जरी गेले तरी रॉड लुळा पडतो आणि ते बळ कशानंही परत येत नाही. शिवाय मुठीच्या वर शाईनं बारीक काही लिहिलेलं असलं तर तेही गेलं.

फोटो नंतर टाका, आधी मापं द्या. चारही काठ्यांची लांबी इंचांत, आणि नळ्यांचा रंग झिजलेल्या कडेशी कसा दिसतो ते.

सावजी_रस्सा
नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर इतकी वर्षं काढून सरळ राहिलेली वस्तू! आमच्याकडे माणसं राहत नाहीत.
(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.)

वाडा_आणि_वाटणी
सुताराला थांबवलं. रागावलाय थोडा.
मापं : मुठीची काठी ३६ इंच, मधली ३६, टोकाची एक ३६ आणि टोकाची दुसरी सव्वातेहेतीस. नळ्या मळकट, फिकट पिवळसर-राखाडी. लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटत नाही. म्हणजे चांदी आहे का?

गळकरी
चांदी नाही. चुंबक इथं काही सांगत नाही, कारण पितळ आणि जर्मन सिल्व्हर (तांबं-जस्त-निकेलचा मिश्रधातू, नावातच चांदी) दोन्हींना ते चिकटत नाही. कडा बघायच्या. स्वस्त रॉडला पितळी नळीवर निकेल किंवा क्रोमचा मुलामा असतो, तो घासल्या जागी उडून खालून पिवळं पितळ दिसतं. तुमच्या नळीचा रंग झिजल्या जागीही तोच असेल, तर ती सबंध जर्मन सिल्व्हरची. तसं वर्णन वाटतंय, आणि ते चांगलं लक्षण आहे.

मापांनी बरंच सांगितलं. अशा रॉडच्या सगळ्या काठ्या सहसा समान लांबीच्या असतात. टोकाची काठी सगळ्यांत नाजूक, म्हणून चांगल्या रॉडसोबत टोकं दोन यायची. तुमचं एक टोक पूर्ण आहे आणि दुसरं पावणेतीन इंच तुटून तिथंच दोरी ओवायची नवी रिंग बसवलेली असावी. एक पूर्ण टोक असणं ही मोठी गोष्ट. दोन्ही तुटकी असती तर मी म्हटलं असतं, भिंतीवर लावा.

आता साहेबाची गोष्ट. घरोघरी साहेब असतो. त्यावर किंमत ठरत नाही, आणि प्रत्येक साहेबाकडचा रॉड हार्डी या नामांकित इंग्लिश कंपनीचाही नसायचा. आपल्याकडे जुन्या घरांत निघतात ते साधारण तीन प्रकारचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपाननं ढिगानं निर्यात केलेले रॉड पहिले : लाकडी पेटी, आत चार-पाच काठ्या, उलटीसुलटी बसवता येणारी मूठ, गळाच्या नकली माश्यांचं (आमिषाच्या) कार्ड, भडक लाल-हिरवे-पिवळे धागे. पेटी बघून लोक हुरळतात आणि आत बाजारू माल असतो. दुसरा प्रकार ग्रीनहार्टचा. ते दक्षिण अमेरिकेतलं जड लाकूड, काठी गोल आणि भरीव. तो बांबू नव्हेच, पण काळा पडला की लोक बांबू समजतात. तिसरा तुमच्यासारखा इंग्लिश षटकोनी रॉड.

हे करा : अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून मुठीच्या वरचा चार-पाच इंच भाग फिरवत पाहा. मुठीच्या बुडाशी धातूची टोपी असेल तीही पाहा. घासू नका. ओल्या बोटानं पुसूही नका.

मानवेल
बांबूचा विषय निघाला म्हणून थोडं अवांतर (नोकरी वनखात्यातच गेली).

आज असे रॉड ज्या बांबूचे करतात तो टोंकिन केन, दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंगचा. पण एकोणिसाव्या शतकात, सहा कामट्यांचा रॉड अमेरिकेत आणि इंग्लंडात रुळत होता, तेव्हा कारागीर वापरायचे तो 'कलकत्ता केन'. कलकत्ता बंदरातून जहाजावर चढायचा म्हणून ते नाव. शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, म्हणजे आपला मानवेल! गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात सगळ्यांत जास्त दिसतो तोच. जवळजवळ भरीव, म्हणून पोलिसांच्या लाठ्या आणि घोडदळाचे भाले त्याचेच असायचे. टोंकिनची पेरं लांब आणि काठी सरळ, त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं मानवेलाला बाजूला सारलं. पुढे कोरियन युद्धाच्या वेळी, १९५०मध्ये, अमेरिकेनं चिनी मालावर बंदी घातली आणि टोंकिनची आवक थांबली. तोवर फायबरग्लास आलंच होतं. बांबूच्या रॉडचा बाजार तिथून उतरला.

कलकत्ता केनच्या रॉडवर भाजल्याचे काळे डाग दिसतात. गळकरी काकांना विचारायचंय, धागाकर्त्याच्या रॉडवर तसे डाग असतील तर तो जुना धरायचा का?

गळकरी
धरायचा, पण नुसत्या डागांवर नको. सोबत आणखी एक खूण बघा : दर इंच-दीड इंचावर रेशमी धाग्याचे बारीक वेढे आहेत का? जुना डिंक जनावराच्या कातड्या-हाडांचा असायचा, ओल लागली की सुटायचा. म्हणून कामट्या उघडू नयेत यासाठी सगळ्या लांबीभर वेढे घालायचे. पुढे डिंक सुधारले आणि वेढे फक्त रिंगांपाशी उरले. काही कारखान्यांनी नंतरही शोभेसाठी वेढे ठेवले, तेव्हा यावरून नेमक्या वर्षाचा हट्ट धरू नका.

हिशेबी
किमतीवर कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो.

चुलतभावानं पाहिला तो 'मागितलेला' भाव. तसा मी माझा जुना स्कूटरही दहा लाखांना टाकू शकतो. बघायचं ते 'विकलं गेलं' या यादीत. लिलावाच्या साइटवर तो पर्याय असतो, तो दाबला की घरातली निम्मी भांडणं मिटतात. इंग्लंडमध्ये हार्डीसारख्या मोठ्या नावाचे साधे ट्राउट रॉडसुद्धा शंभर-दीडशे पौंडांच्या आसपास जाताना दिसतात, कारण ते भरपूर बनले आणि भरपूर उरले. हजारो डॉलर मिळतात ते पेन, गॅरिसन अशा मोजक्या अमेरिकन कारागिरांच्या रॉडना. नाव पुसलेला, एक टोक आखूड असलेला रॉड त्या रांगेत येत नाही. तिथले नग विकत घेऊन आणायचे तर वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळं, आणि इथं भारतात गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. माझ्या मते वाटणीत दहा हजारांच्या वर लिहू नका, आणि तेही प्रेमानं.

परदेशी विकायचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. १९७२च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कला-कारागिरीची वस्तू येऊ शकते आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वय शंभरीच्या आसपास निघालं तर कुरिअरवाल्याकडे जायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.

वाडा_आणि_वाटणी
हिशेबी, हा प्रतिसाद जसाच्या तसा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. दोन काका लगेच 'रॉड तूच ठेव' म्हणाले.

टॉर्चनं पाहिलं. मुठीच्या वर काही नाही, पण टोपीवर कोरलेली अक्षरं आहेत. पहिला शब्द झिजलाय, त्याखाली 'अँड कंपनी' आणि 'कलकत्ता' स्पष्ट. वेढे फक्त रिंगांपाशी आहेत, भाजल्याचे डाग नाहीत. टोकाच्या रिंगेत लालसर दगडासारखं कडं आहे.
आणखी एक अडचण : मधली काठी आणि आखूड टोक जोडून पाहिली, ती आता निघतच नाहीत.

वैनगंगाकाठ
भाऊ, जोड निघत नसन तं पक्कड लावू नका. नळी चेपली का मंग गेली. पिरगाळू बी नका, बांबू आतून उलते. आमी ढिवर लोक, आमच्या काठ्या मानवेलाच्या सबंध असतात, जोडच नसते. पण आमच्या गावचा एक गडी असा रॉड वापरते, त्याची रीत सांगतो. खाली वाकाचं, रॉड गुडघ्याच्या मागून आडवा घ्याचा, दोन हात गुडघ्याच्या बाहेरून जोडाच्या दोन बाजूले धराचे आन् हात न हलवता गुडघे हळूहळू बाहेर फाकवाचे. सरळ ओढ बसते, पिरगळ बसत नाही. हातात रबरी मोजे घाला, धातूवर घसरत नाही.

गळकरी
रीत अगदी बरोबर. तरी नाहीच निघालं तर आत जाणाऱ्या नळीजवळ बर्फ कापडात गुंडाळून पाच मिनिटं धरा आणि पुन्हा करा. निघाल्यावर आतली नळी स्पिरिटच्या फडक्यानं पुसा. तेल लावू नका. तेलात धूळ बसते आणि पुढच्या वेळी तोच घोळ. मेणबत्तीचा एक हलका हात पुरे.

आता ओळख. कलकत्त्यात बंदुकांची दुकानं होती, तीच शिकारीच्या सामानासोबत मासेमारीचं सामान विकायची. रॉड ती स्वतः बनवत नसत, इंग्लंडातून घडवून आणायची आणि टोपीवर आपलं नाव कोरायची. असा माल घाऊक बनवणारे कारखाने रेडिचला होते, सुया आणि गळ यांसाठी ते गाव प्रसिद्ध. तेव्हा तुमच्या रॉडचा कारागीर रेडिचचा असावा आणि दुकान कलकत्त्याचं. टोकाला अकीक (तो लालसर दगड) आहे, जर्मन सिल्व्हरच्या नळ्या आहेत, जादा टोक आहे, म्हणजे दुकानातला वरच्या फळीवरचा माल. वेढे रिंगांपाशीच आणि डाग नाहीत, म्हणून मी त्याला दोन महायुद्धांच्या मधला धरीन. नऊ फुटी तीन तुकडी रॉड हा ट्राउटचा, म्हणजे काश्मीर किंवा निलगिरीच्या थंड ओढ्यांचा. प्राणहिता नदीतल्या खडसासाठी (महसीर) साहेब लोक याहून लांब आणि दणकट रॉड वापरायचे.

मानवेल
म्हणजे आलापल्लीच्या साहेबानं तो आमच्या नद्यांवर वापरला नसणार? सुट्टीत काश्मीरला जाताना घेतला असेल. उरलेलं वर्ष बंगल्यात.

गळकरी
शक्य आहे. आणि म्हणूनच तो शाबूत राहिला असेल.

रेशीमगाठ
काकांना नमस्कार. मासेमारीतलं मला शून्य कळतं, पण रेशमाचा विषय निघाला म्हणून लिहिते. रिंगांचे वेढे सुटलेत का? सुटले असतील तर कोसा रेशमाचा धागा घेऊ नका, इथं सगळे भंडारा-आंधळगावचा टसरच सुचवतील. तो धागा जाडाभरडा आणि असमान असतो, वेढा उंचसखल येईल. तुतीचं बारीक, एकसारखं रेशीम घ्या. गांधीबाग-इतवारीत भरतकामाच्या दुकानांत रीळ मिळतं. मूळ रंग ओळखायचा असेल तर एखादी सैल रिंग उचलून तिच्या पायाखाली बघा. ऊन न लागलेला धागा तिथं असतो. वरून तपकिरी दिसणारा वेढा आत गर्द हिरवा निघू शकतो.

वाडा_आणि_वाटणी
ताई, खरंच हिरवा निघाला! वरून चहाच्या रंगाचा होता.
जोड गुडघ्यांनी निघाला, बर्फाची गरज पडली नाही. बायकोनं फोटो काढलाय, तो इथं टाकणार नाही.

आता कामाला लागायचं तर काय-काय? मुठीजवळच्या नळीत काठी किंचित हलते, मधल्या काठीवर एका जागी दोन कामट्यांमध्ये नखभर फट आहे, आणि चांगलं टोक एका बाजूला वाकलंय. मुठीच्या टोकाशी दोन बारीक भोकंही दिसली. भाऊ म्हणतो फेव्हिकॉल भर.

गळकरी
भोकांपासून सुरुवात. काठी काळ्या कागदावर हलकेच आपटा. पिठासारखी पूड पडली तर घुण जिवंत आहे. संग्रहालयं करतात तेच करा : प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर काठीवर पाणी सुटतं. तीन फुटी काठी घरच्या फ्रीजमध्ये मावणार नाही. ओळखीचा आइस्क्रीमवाला गाठा.

नळी हलते ती आपल्या हवेमुळे. मे महिन्यात बांबू सुकून आकसतो, धातू तसाच राहतो. नळी काढायची तर आधी नीट पाहा, आडवी खिळी ठोकलेली असू शकते. ती बारीक पंचनं बाहेर काढल्याशिवाय ओढलं तर काठी फाटते. मग स्पिरिटच्या दिव्यावर फक्त धातू गरम करायचा, फिरवत-फिरवत, बांबूला ज्योत लागू न देता. जुना डिंक मऊ होतो आणि नळी सरळ निघते. बसवताना हळू सुकणारं अरल्डाइट चालेल. पाच मिनिटांत सुकणारं नको.

फटीत पांढरा सुतारी गोंद नको. पाण्यानं मऊ पडतो आणि ताणाखाली सरकतो. तेच हळू सुकणारं इपॉक्सी हेअर ड्रायरनं किंचित पातळ करून सुरीच्या पातीनं आत सोडायचं, मग जाड दोऱ्याचे वेढे एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून घालायचे. एकाच दिशेनं घातले तर काठी पिळते. ओघळ लगेच स्पिरिटनं पुसा.

वाकलेल्या टोकाला हात लावू नका. गरम करून सरळ करतात, पण आत जुना डिंक असला तर सगळ्या कामट्या उघडतील. तुम्हाला वेढे नव्यानं घालायचेच आहेत, तेव्हा रिंगा काठीच्या उलट्या बाजूला बसवा. पुढचा ताण बाकाच्या विरुद्ध पडेल.

रेशीमगाठ
व्हार्निश लावल्यावर रेशीम पारदर्शक होऊन रंग मरतो ना? साड्यांच्या कामात पाहिलंय.

गळकरी
मरतो. म्हणून आधी पातळ केलेल्या लॅकरचे दोन हात, ते सुकले की वर व्हार्निश. पण जुन्या इंग्लिश रॉडवर बऱ्याचदा मुद्दाम पारदर्शकच ठेवायचे. यांच्या रॉडचा जुना वेढा कसा होता ते बघून ठरवावं.

व्हार्निश होड्यांना लावतात ते, स्पार व्हार्निश. जुनं सगळं खरवडायचं नाही. जिथं उडालंय तिथंच पातळ हात. एप्रिल-मेत धूळ बसते आणि पावसाळ्यात सुकत नाही. दिवाळीनंतर करा.

हिशेबी
हे सगळं केल्यावर किंमत वाढते की घटते?

गळकरी
मोठ्या नावाच्या रॉडवर घटू शकते, तिथं मूळ व्हार्निशलाच पैसे मोजतात. तुमच्यासारखा रॉड असला तर मी टोपी, मूठ आणि शिल्लक व्हार्निश राखून फक्त वापरायला लागेल तेवढंच करीन. आखूड टोक तर तसंच ठेवीन. नवं टोक जोडून घ्यायला परदेशात पाठवलं तर खर्च रॉडच्या किमतीवर जाईल.

वाडा_आणि_वाटणी
ठरलं. आइस्क्रीमवाला मिळालाय, काठ्या काल आत गेल्या. बाकी दिवाळीनंतर.
शेवटचा प्रश्न : पिशवीत एक कागदी चिठ्ठी आहे, त्यावर पेन्सिलीनं इंग्रजी अक्षरं 'एचडीएच'. साहेबाच्या नावाची आद्याक्षरं असतील का? आई फार खूश आहे.

गळकरी
आईंना वाईट वाटेल, पण ते दोरीचं माप आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आकडे आले, त्याआधी माश्या टाकायच्या दोरीची जाडी अक्षरांत लिहायचे. एचडीएच म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये जाड, आजच्या हिशेबात साधारण सहा नंबरची दुहेरी निमुळती लाइन. तीच घ्या, याहून जड घेऊ नका. आणि पेंचला नेऊ नका, तिथं मासेमारीला बंदी आहे. बाकी तलाव मच्छीमार संस्थांकडे ठेक्यानं असतात, आधी विचारा. पहिल्यांदा गळ न लावता, दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधून गवतावर फेकून बघा.

वैनगंगाकाठ
तलावाचं मी पाह्यतो. आमच्या संस्थेच्या अध्यक्षाले इचारतो. पण काका, रोहू-मरळ त्या माशीले येते का?

गळकरी
मरळ येतो, पण या रॉडवर धरू नका. झाडोऱ्यात घुसला की ओढाताणीत टोक जाईल, आणि पूर्ण टोक एकच आहे. लहान मासे धरा.